मूकनायकाचे वकीलपत्र

गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’ (१९८०) या चित्रपटात लहान्या भिकू हा आदिवासी मजूर पत्नीच्या खुनाच्या आरोपाखाली न्यायालयात उभा आहे. त्याच्या बचावासाठी नेमलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी तुरुंगात जाऊन त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतो. लहान्या उत्तर देत नाही. मान खाली घालतो, क्वचित डोळे वर करतो, पुन्हा गप्प होतो. पत्नीवर बलात्कार करणारी माणसे गावातील सत्तेच्या वर्तुळातील आहेत आणि सत्य सांगून काहीही साधणार नाही, हे त्याला वकिलाहून अधिक कळते. पुढे वडिलांच्या अंत्यविधीसाठी त्याला बेड्या घालून आणले जाते. तेथे आपल्या बहिणीवर खिळलेली तीच वखवखलेली नजर त्याला दिसते, तो कुऱ्हाड उचलतो, बहिणीलाच मारून टाकतो आणि आकाशाकडे तोंड करून ओरडतो. खटल्याच्या साऱ्या काळात त्याच्या कंठातून निघालेला हा पहिला मोठा उद्गार. आणि त्यात शब्द नाहीत.

ओम पुरी यांच्या या मौनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लहान्या का बोलत नाही, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातच आहे आणि ते पुरेसे आहे. त्याला लागून येणारा दुसरा प्रश्न मात्र तितकासा चर्चिला गेलेला नाही. लहान्या बोलत नसताना पडद्यावर बोलत कोण असते, आणि त्या बोलण्याचा आधार घेऊन अंधाऱ्या सभागृहात निश्चिंत कोण बसलेले असते?

इंग्रजी समीक्षेतील ज्या एका संज्ञेसाठी मराठीत कधी ‘चित्रण’ तर कधी ‘प्रतिनिधित्व’ असे शब्द योजले जातात, तिच्यातील दोन अर्थ मराठीने वेगळे ठेवले, हे एका परीने बरेच झाले. चित्रण म्हणजे कोणाचे तरी रूप उभे करणे. प्रतिनिधित्व म्हणजे कोणाच्या तरी वतीने उभे राहणे. पहिले काम चित्रकाराचे, दुसरे वकिलाचे. वकिलाला मात्र एका कागदाची गरज असते. अशिलाने सही वा अंगठा केलेल्या वकीलपत्रावाचून त्याला तोंड उघडता येत नाही. सामाजिक आशयाच्या भारतीय चित्रपटाने गेली नऊ दशके चित्रण करता करता प्रतिनिधित्वही केले. ते वकीलपत्र त्याला कोणी दिले, याची विचारणा फार उशिरा झाली.

या चित्रपटपरंपरेचा आरंभ मोठ्या सद्हेतूने झाला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली संत एकनाथांच्या चरित्रावर चित्रपट काढला. बालगंधर्व त्यात एकनाथांच्या भूमिकेत होते. ‘महात्मा’ हे त्याचे मूळ नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले आणि तो ‘धर्मात्मा’ या नावाने पडद्यावर आला. अस्पृश्यतेचा प्रश्न गांधींच्या चळवळीने ऐरणीवर आणलेला असताना त्या नावात सरकारला राजकारण दिसावे, यात नवल नव्हते. पुढील वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. १९५९ मध्ये बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. तिन्ही चित्रपट अस्पृश्यतेला दोष देतात, तिन्ही प्रेक्षकाच्या अंतःकरणाला हात घालतात. तिन्हींच्या रचनेत एक साम्यही आहे. परीक्षा होते ती सवर्ण सद्सद्विवेकाची. अस्पृश्य व्यक्तिरेखा ही त्या परीक्षेची कसोटी असते. कस्तुरी रेल्वेखाली जीव देते, सुजाता रक्त देते, आणि त्या देण्यातून दुसऱ्या कोणाचे तरी सोने अस्सल की नकली ते ठरते. कसोटीच्या दगडाला स्वतःचे काही म्हणणे असू शकते, ही कल्पना त्या रचनेत बसणारी नव्हती.

सत्तरच्या दशकात ही रचना बदलली. निदान तसे वाटले. बदल घडवणाऱ्यांत मराठी नाटकातून आलेले विजय तेंडुलकर अग्रभागी होते. डॉ. जब्बार पटेल यांचा, १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला ‘सामना’ हा तेंडुलकरांनी लिहिलेला चित्रपट साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि दारूच्या आहारी गेलेला एक जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर यांच्यातील झुंज आहे. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाची ती जुगलबंदी मराठी प्रेक्षक विसरलेला नाही. त्या झुंजीच्या केंद्रस्थानी एक तिसरा माणूस आहे, जो वर्तमानात नाहीच. मारुती कांबळे. त्याचे काय झाले, या एकाच प्रश्नावर सारे कथानक उभे आहे. हा प्रश्न विचारता विचारता मास्तराला त्याचा हरवलेला कणा परत मिळतो. गावाला जाग येते. मारुती कांबळे मात्र मेलेला आहे आणि मेलेलाच राहतो. त्याच्या वाट्याला येते ती इतरांच्या आठवणींतील आकृती. एका माणसाचे नाहीसे होणे हे दुसऱ्या माणसाच्या आत्मशोधाचे निमित्त ठरते.

‘आक्रोश’ची कथा-पटकथाही तेंडुलकरांचीच. मारुती कांबळे मेला होता म्हणून बोलू शकत नव्हता. लहान्या भिकू जिवंत असून बोलत नाही. हा पुढचा आणि अधिक प्रखर टप्पा आहे. तेंडुलकरांनी येथे आणखी एक धाडस केले. अमरीश पुरी यांनी उभा केलेला सरकारी वकील दुसाने हा स्वतः आदिवासी समाजातून वर आलेला आहे. त्याच्याजवळ शिक्षण आहे, पद आहे, कायद्याची भाषा आहे. पण ती भाषा शासनाच्या वतीने बोलते, आणि रात्री फोनवरून जातीवरून शिव्या ऐकाव्या लागल्या तरी तो त्याविषयी चकार शब्द काढत नाही. म्हणजे या चित्रपटात मुके दोन आहेत. एकाला शब्द नाहीत, दुसऱ्याचे शब्द नोकरीत गहाण पडले आहेत. उरतो भास्कर कुलकर्णी. तरुण, अस्वस्थ, मारहाण सोसूनही शोध न सोडणारा. प्रेक्षक त्याच्या डोळ्यांनी पाहतो, त्याच्याबरोबर संतापतो, त्याच्याबरोबर हतबल होतो. सुशिक्षित मध्यमवर्गीय प्रेक्षकाला पडद्यावर आपला माणूस मिळालेला असतो. औपचारिक अर्थाने तो लहान्याचा वकील असतो; चित्रपटाच्या अर्थव्यवस्थेत तो प्रेक्षकाचा वकील असतो. अन्यायाच्या या कहाणीत प्रेक्षक नेमका कोठे उभा आहे, असे कोणी विचारलेच तर भास्करकडे बोट दाखवता येते.

या निरीक्षणाने ‘आक्रोश’चे मोल कमी होत नाही. त्या काळच्या हिंदी पडद्यावर आदिवासी स्त्रीच्या देहावरील अत्याचाराची आणि त्यामागील सत्तासंबंधांची इतकी निर्भीड मांडणी दुसरीकडे शोधावी लागते. पण त्याच १९८० साली मराठीत काय घडले, हे शेजारी ठेवून पाहिले की प्रश्न टोकदार होतो. त्या वर्षी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले. गाढवांच्या पाठीवर संसार घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, टोपल्या विणून पोट भरणाऱ्या कैकाडी समाजातील एका मुलाने आपले शिक्षण, आपली भूक आणि आपली लाज स्वतःच्या भाषेत सांगितली होती. त्याआधी बाबूराव बागुलांच्या कथा, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२), दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) असा मार्ग तयार झालेला होता. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावरचा शोषित माणूस मौनाचे प्रतीक म्हणून वाखाणला जात होता, त्याच वर्षी मराठी वाचकाच्या हातात त्याचे बोलणे पडत होते. ते बोलणे इतके सविस्तर, इतके विनोदी, इतके कडू आणि इतके व्यक्तिगत होते की त्याला प्रतीक बनवणे कठीण जावे. साहित्यात माणूस बोलत होता. चित्रपटात तो अजून मुका होता.

या अंतराचे कारण केवळ दिग्दर्शकांच्या जाणिवेत शोधणे अन्यायाचे होईल. लेखणी आणि कागद यांना लागणारे भांडवल आणि कॅमेरा, कच्ची फिल्म, प्रयोगशाळा, वितरक, चित्रपटगृह यांना लागणारे भांडवल यांची तुलनाच होऊ शकत नाही. कैकाडी वस्तीतील मुलगा दिव्याखाली वही भरू शकत होता. चित्रपट काढू शकत नव्हता. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनसारख्या संस्थांनी समांतर चित्रपटाला हात दिला, पण त्या दारापर्यंत पोचण्यासाठी लागणारी भाषा, ओळखी आणि शिक्षण हेही भांडवलच होते. मौन हे अशा रीतीने कलात्मक निवड होण्यापूर्वी उत्पादनव्यवस्थेची वस्तुस्थिती होते. कलावंतांनी त्या वस्तुस्थितीला अर्थ दिला, हे त्यांचे श्रेय. तो अर्थ पुढे सवयीचा झाला, ही त्याची मर्यादा.

या काळातील एक कलाकृती मात्र या चौकटीत बसत नाही. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ (१९८१). ओम पुरी आणि स्मिता पाटील ही ‘आक्रोश’मधील जोडीच येथे दुखी आणि झुरिया आहे; ब्राह्मणाच्या भूमिकेत मोहन आगाशे आहेत. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला आलेला, तापातून नुकताच उठलेला दुखी उपाशीपोटी लाकडाचा गाठाळ ओंडका फोडता फोडता मरतो. येथे वकील नाही, मास्तर नाही, हळवा नायक नाही. प्रेत उचलायला कोणी येत नाही, तेव्हा ब्राह्मण त्याला स्पर्श न करता पायाला दोरीचा फास अडकवून ओढत नेतो आणि परत येऊन त्या जागी पाणी शिंपडतो. राय यांनी मध्यस्थ काढून टाकला. त्यामुळे शेवटच्या प्रसंगात प्रेक्षकाला उभे राहायला दोनच जागा उरतात: दोरीच्या या टोकाला किंवा त्या टोकाला. घराघरांतील दूरचित्रवाणीसंचासमोर बसलेल्या कुटुंबांना ही निवड किती असह्य झाली असेल, याची कल्पना करता येते.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ साली महोत्सवांत दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. ‘उपरा’ आणि ‘फँड्री’ यांच्यामध्ये ३३ वर्षे आहेत आणि दोहोंच्या केंद्रस्थानी कैकाडी कुटुंब आहे, हा योगायोग मराठीच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये असा आहे. मंजुळे यांची ओळख चित्रपटापूर्वी ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ या संग्रहाचे कवी म्हणून होती. जब्याच्या बापाची, कचरूची भूमिका करणारे किशोर कदम हे ‘सौमित्र’ या नावाने लिहिणारे कवी आहेत. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याने कमावलेली भाषा तीन दशकांनंतर पडद्यावर पोचली, ती अशी साहित्याच्याच वाटेने.

जब्या मुका नाही. तो मित्राशी बोलतो, शालूसाठी चिठ्ठ्या लिहितो, जीन्सच्या पँटीची स्वप्ने पाहतो, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. तो गप्प होतो ते चित्रपटाच्या उत्तरार्धात, गावात मोकाट फिरणारी डुकरे पकडायला साऱ्या कुटुंबाबरोबर त्याला शाळेच्या आवारालगत उतरावे लागते तेव्हा. वर्गातली मुले पाहू नयेत म्हणून तो लपतो, बापाचा मार खातो. डुक्कर हाताशी आलेले असते आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो, कुटुंब जागच्या जागी थिजते, आणि डुक्कर निसटते. राष्ट्राने या मुलाला शिस्त शिकवली आहे. त्याच्या हातातले काम मात्र तेच ठेवले आहे. पुढे बांबूला उलटे बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेताना शाळेच्या भिंतीवरील डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे मागून सरकत जातात. कोणी काही बोलत नाही. बोलण्याची गरजही नसते.

या साऱ्या प्रसंगात महत्त्वाचे आहेत ते पाहणारे. गावातली पोरे जमा झाली आहेत. ती बसून मजा पाहत आहेत, आरोळ्या देत आहेत, मोबाइलवर छायाचित्रे काढत आहेत. चित्रपटात प्रेक्षक आहे, आणि तो असा आहे. भास्कर कुलकर्णीची जागा या टोळक्याने घेतली आहे. सभागृहातील सुजाण प्रेक्षकाला वाटते, आपण त्यांच्यातले नाही. आपण जब्याच्या बाजूचे. त्याच क्षणी जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट समोर येतो, पडदा काळा होतो. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’च्या (१९७४) शेवटीही एक लहान मुलगा दगड फेकतो. तो दगड जमीनदाराच्या घराची काच फोडतो आणि प्रेक्षक मनातल्या मनात त्या मुलाला दाद देतो. ‘अंकुर’चा दगड प्रेक्षकाच्या वतीने फेकलेला आहे, ‘फँड्री’चा दगड प्रेक्षकावर. चार दशकांत दगड फेकणाऱ्याचे वय फारसे बदललेले नाही. बदलला आहे तो नेम.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला दाखवला गेला आणि २०१५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. त्याने हाच प्रश्न पुन्हा न्यायालयात नेला. आरोपी आहे लोकशाहीर नारायण कांबळे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा आरोप. ‘सामना’तील कांबळे नाहीसा झालेला होता, हा कांबळे मंचावर उभा राहून गातो. भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक होते. २०२१ साली कोविडने त्यांचे निधन झाले. नारायण कांबळेजवळ आवाज आहे, गाणे आहे, विचार आहे. तरीही चित्रपटभर तो हळूहळू मुका होत जातो. कारण न्यायालयात कोणी मराठीत बोलो वा हिंदीत, न्यायाधीश त्याचा सारांश आपल्या इंग्रजीत लेखनिकाला सांगतात आणि नोंद होते ती तेवढीच. लहान्याचे मौन त्याच्या आत होते. नारायण कांबळेचे मौन कागदावर तयार केले जाते.

येथेही वकील आहे. विनय व्होरा हा सधन, उदारमतवादी, प्रामाणिक माणूस. प्रेक्षकाने आपला म्हणावा असाच. ताम्हाणे त्याला खलनायक करत नाहीत. केवळ त्याच्या घरापर्यंत, सुपरमार्केटपर्यंत त्याच्यामागे जातात. मृत कामगाराच्या पत्नीला तो आपल्या गाडीतून सोडतो आणि पैसे देऊ करतो, तेव्हा ती ते घेत नाही. एखादे काम असेल तर सांगा, एवढेच म्हणते. भारतीय चित्रपटातील करुणेच्या प्रदीर्घ इतिहासाला दिलेले हे अत्यंत संयमित उत्तर आहे. कसोटीच्या दगडाने कसोटी व्हायला नकार दिला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. मध्यस्थ नको, वकील नको, असे म्हणणे सभागृहात सोपे आहे. कोठडीतल्या माणसाला वकील हवाच असतो. त. से. ज्ञानवेल यांचा तमिळ ‘जय भीम’ (२०२१) ज्या १९९३ मधील घटनेवर आधारलेला आहे, त्यात कोठडीत मारल्या गेलेल्या आदिवासी माणसाच्या पत्नीला न्याय मिळाला तो के. चंद्रू या वकिलाच्या चिकाटीमुळे. पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. अनुभव सिन्हा यांच्या ‘आर्टिकल १५’ (२०१९) या हिंदी चित्रपटात मात्र ब्राह्मण पोलीस अधिकारी पुन्हा नायकपदी येतो आणि दलित मुलींचे मरण हे त्याच्या देश समजून घेण्याचे निमित्त होते. दोन्ही चित्रपटांत मध्यस्थ आहे. तरी दोन्ही सारखे नाहीत. ‘जय भीम’मध्ये फिर्याद त्या स्त्रीची आहे, तडजोडीचे पैसे नाकारण्याचा निर्णय तिचा आहे, वकील तिने गाठलेला आहे. वकीलपत्रावर तिचा अंगठा दिसतो. मध्यस्थ असण्यात दोष नाही. अशिलाला विचारले होते का, हे पाहणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ चित्रपटाचा राहत नाही, कारण चित्रपट संपल्यावर त्याच्याविषयी बोलणारी माणसे असतात आणि त्यांतील बरीच शिक्षक असतात. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात पदव्युत्तर वर्गाला ‘फँड्री’ दाखवला गेला. पडदे सरकवले, दिवे लागले, बंद केलेले पंखे पुन्हा फिरू लागले. चर्चा सुरू झाली. पुढच्या बाकांवरून ‘विदारक वास्तव’, ‘समाजमनाचा आरसा’, ‘अंतर्मुख करणारा शेवट’ असे शब्द आले. पाठ्यपुस्तकांतून आणि परीक्षणांतून उचललेले, अगदीच चुकीचे नव्हेत असे. शिक्षकाने समाधानाने मान डोलावली. आणि मग त्याची नजर, त्याच्याही नकळत, शेवटून दुसऱ्या बाकावर गेली. हजेरीपटावरचे ते आडनाव त्याला ठाऊक होते, शिष्यवृत्तीचा अर्जही त्यानेच तपासलेला होता. “तू काहीच बोलला नाहीस. तुझा अनुभव सांग ना,” शिक्षक आपुलकीने म्हणाला. साऱ्या वर्गाने मागे वळून पाहिले.

मुलगा उठून उभा राहिला. तीसेक चेहरे त्याच्याकडे वळलेले होते, सहानुभूतीने भरलेले, वाट पाहणारे. इतरांना मत विचारले गेले होते, त्याला अनुभव. इतर समीक्षक होते. तो साक्षीदार होता. तो बोलला असता तर एका समाजाच्या वतीने बोलला असे मानले गेले असते, आणि गप्प राहिला असता तर त्या गप्प राहण्याचाही एक सुंदर अर्थ लावला गेला असता. मराठी समीक्षेला मौनाचे अर्थ लावण्याचा सराव आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले, तेव्हा त्या जोडशब्दातील उत्तरपदावर त्यांचा भर होता. वर्गाच्या कानाला पूर्वपद तेवढे ऐकू येत होते.

“अनुभव नाही सर, एक शंका होती,” मुलगा म्हणाला. “शेवटी दगड येतो तेव्हा कॅमेरा कुणाच्या जागी उभा असतो?”

शिक्षकाच्या टिपणांत वास्तववादावर दीड पान होते, प्रतीकांवर एक पान होते. कॅमेऱ्याच्या जागेवर काही नव्हते. तो थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, शेवटचा प्रसंग पुन्हा एकदा पाहू. पडदे पुन्हा ओढले गेले. मागे वळलेले चेहरे एकेक करून पुढे वळले, आणि मुलगा खाली बसून इतरांसारखाच पडद्याकडे पाहू लागला.